पन्नाशीची अट

खैरवलीत देवीची खूण कोणी पुरायची याला एक अट होती, आणि ती गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होती. माणूस पन्नाशीच्या पुढचा हवा, त्याच्या घरी सून नाहीतर जावई आलेला हवा आणि त्याच्या पोटात गोष्ट राहायला हवी. तिसरी अट कुणालाही समजेल. पहिल्या दोन कशासाठी, असं विचारलं की म्हातारे आभाळाकडे बघायचे. उत्तर नसलेल्या माणसाला आभाळ फार उपयोगी पडतं.

विठूला ह्या आभाळाकडे बघण्याचाच राग यायचा. विठू चोवीस वर्षांचा, मॅट्रिक झालेला, रत्नागिरीत एका कचेरीत शिपाई. रविवारी तो कबड्डीचा पंच असायचा आणि पंच म्हणून पावसपासून भाट्यापर्यंत त्याचा दरारा होता. एकदा पावसच्या मैदानावर अंतिम सामन्यात त्याने आपल्याच गावाच्या चढाईवाल्याला बाद दिलं, कारण त्याचा अंगठा रेषेबाहेर पडला होता. गाव हरलं. परतीच्या एस.टी.त विठूच्या शेजारी कुणी बसेना. मुंबईहून रजेवर आलेला थोरला भाऊ सदू तेवढा उठून त्याच्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "बरोबर केलंस. रेघ म्हंजे रेघ." बाप लवकर गेल्यावर ह्याच सदूने मुंबईला गिरणीत नोकरी धरून विठूला शिकवलं होतं. त्याने पाठीवर ठेवलेला हात विठूला बापाचाच वाटला.

आता ही खूण म्हणजे काय, ते सांगायला हवं. शिमग्यात होळी पेटली की दुसऱ्या दिवशी देवी पावणाईची पालखी सहाणेवरून, म्हणजे तिच्या बसायच्या चौथऱ्यावरून, उठते. त्याआधी उजाडता उजाडता एक माणूस एकटा जाऊन गावाच्या हद्दीत कुठेतरी नारळ पुरून येतो. ती खूण. जागा त्याची त्यालाच ठाऊक. मग ढोल-ताशे लावून पालखी ती खूण शोधत फिरते. देवीच खांदेकऱ्यांना ओढत नेते, असं सगळे म्हणतात. पालखी एका जागी थांबून घुमायला लागली की तिथे खणायचं, आणि नारळ निघाला की वर्ष सुखाचं. निघेपर्यंत पालखी खाली टेकवायची नाही. मागचे खांदे बदलले तर चालतात, पण पुढच्या दांड्याचे दोघे मानकरी शेवटपर्यंत तेच. खूण पुरणाऱ्याने पालखीबरोबर चालायचं आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. शब्द निघाला तर खूण बाटली, आणि बाटलेल्या खुणेचं वर्ष कसं जातं ते कुणाला बघायचं नव्हतं.

कितीतरी वर्षं हे काम भागोजीकडे होतं. भागोजी म्हणजे काळाकभिन्न, अबोल म्हातारा, कमरेला पानाची चंची आणि चेहऱ्यावर कसलाच भाव नाही. गेल्या साली गावच्या बैठकीत विठूने ती वयाची अट काढून टाका म्हणून भांडण केलं होतं. पंचाला कुणी वय विचारत नाही, नजर विचारतात, असं तो म्हणाला होता. सगळ्यांनी भागोजीकडे पाहिलं. भागोजीने सुपारी गालात सरकवली आणि तीनच शब्द बोलला.

"पन्नाशी होऊ दे."

त्यावर विठूने कारण विचारलं. भागोजी आभाळाकडे बघायला लागला.

मग माघात भागोजीच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा बसली. शिमगा तोंडावर आणि खूण पुरायला माणूस नाही. पन्नाशीच्या पुढचे जे होते त्यातले निम्मे मुंबईला, दोघे दारूला लागलेले, एकाचा भावकीशी कोर्टात दावा. महिपत एक योग्य होता, पण तो पुढच्या दांड्याचा मानकरी, आणि त्याच्या जागी उभा राहायचा त्याचा लेक मुंबईत. गावचा प्रमुख, गावकर काशीराम, मोठ्या पेचात पडला. शेवटी त्याने विठूला बोलावलं आणि यंदापुरती अट बाजूला ठेवू म्हणून सांगितलं. म्हातारे कुरकुरले. पोराच्या पोटात गोष्ट राहायची नाही, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. विठूने ते ऐकलं आणि मनातल्या मनात शपथ घेतली की मान कापली तरी जबडा उघडायचा नाही.

सदू त्या साली गावातच होता. गिरण्यांचा संप होऊन वर्ष उलटलं होतं, चाळीतली खोली सोडून तो बायकामुलीसकट गावी आला होता. आला तो अर्धाच आला. गिरणीच्या कापसाने त्याची छाती भरली होती. रत्नागिरीच्या डॉक्टरने त्याला ओझं उचलायचं नाही म्हणून बजावलं होतं आणि सदूने मान डोलावली होती. पण महिपतच्या जोडीचा पुढचा खांदा त्यांच्या घराचा. आजवर तो चुलत्याने चालवला होता, सदू मुंबईहून आला की स्वतः द्यायचा. आता चुलता म्हातारा झालेला आणि सदू घरात बसलेला. विठूने खांदा द्यायची गोष्ट काढावी तर तोच खूण पुरणारा. सदू म्हणाला, गिरणी गेली, आता मानही जाऊ देऊ काय.

होळीच्या दिवशी सकाळी सदूची बायको चिमा परसात लाकडं फोडत होती. विठू पाणी घ्यायला आला तशी तिने कोयता खाली ठेवला.

"भावजी, एक सांगते, रागवू नका," ती म्हणाली. "ह्यांच्या छातीचं तुमाला ठावं हाय. खूण लांब नको. देवळाच्या आसपास कुठं तरी ठेवा, लवकर गावंल अशी."

विठू रागावलाच. कोण चढाईला येतो ते बघून पंच रेघ आखत नाही, असं काहीतरी तो बोलला. चिमाला त्यातलं काही कळलं नसावं. तिने पुन्हा कोयता उचलला. विठूला मग जरा वाईट वाटलं, पण वाईट वाटण्यापेक्षा आपण डगमगलो नाही याचं समाधान जास्त वाटलं. चोवीस वर्षांच्या माणसाला ह्या दोहोंत फार फरक कळत नाही.

संध्याकाळी तो भागोजीच्या पाया पडायला गेला. रीतच होती तशी. भागोजीची बायको गंगुबाई त्याला पेज भरवत होती. विठूला बघितल्यावर म्हाताऱ्याने वाटी दूर लोटली. डाव्या हाताने चाचपडत त्याने उशाखालून आपली चंची काढली, जुनी, खणाच्या कापडाची, घामाने काळवंडलेली, आणि ती विठूच्या हातात कोंबली. मग हात तसाच धरून ठेवला. तोंडातून नुसता घोगरा आवाज येत होता. तो चंचीची दोरी ओढून दाखवायचा, सुटली की विठूच्या तोंडाकडे बघायचा, पुन्हा ओढायचा. डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. गंगुबाई म्हणाली, त्याला पान हवं असेल, पण डॉक्टरने बंद केलंय. विठू म्हणाला, मी काही पान खात नाही. तरी म्हाताऱ्याने दिलेली वस्तू, आशीर्वाद म्हणून त्याने ती कमरेला खोचली आणि दोरी नीट घट्ट बांधली. भागोजीने डोळे मिटून घेतले.

खूण कुठे पुरायची ते विठूने आठवडाभर आधीच ठरवलं होतं. सड्याच्या कडेला काशीरामची दाढ होती. दाढ म्हणजे भाताची रोपं काढायची जागा. शिमग्याच्या सुमाराला तिच्यावर शेण, पातेरा आणि झाडांच्या तोडलेल्या फांद्यांची कवळ पसरून ती भाजतात. काशीरामने ती आदल्याच दिवशी पेटवली होती. उजाडता विठू तिथे गेला तेव्हा वर पांढरी राख आणि खाली निखारा अजून धुमसत होता. त्याने एका कोपऱ्यातली राख बाजूला सारली, खड्डा केला, नारळ ठेवला, माती दाबली आणि राख पुन्हा पसरली. हात पोळले. उठून पाहिलं तर काही म्हणता काही दिसत नव्हतं. भागोजी आपला पुरायचा कुठे तर पिंपळाखाली, विहिरीजवळ, कुणाच्या तरी कुंपणाच्या दगडी गडग्याच्या कडेला. अनवाणी माणसं भाजत्या दाढेत पालखी न्यायची नाहीत, हे विठूच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. उलट जागा त्याला त्याचसाठी आवडली. देवीला जायचं असेल तर ती कुठेही जाईल, असं तो स्वतःशी म्हणाला.

ऊन वर आल्यावर पालखी उठली. पुढे महिपत आणि सदू, मागे दोन जवान गडी, आजूबाजूला सगळा गाव. सदूने धोतर वर खोचलं होतं, कपाळाला गुलाल. दांडा खांद्यावर घेताना त्याने विठूकडे पाहिलं. नजर कमरेच्या चंचीवर गेली आणि सदू हसला. वर्षभरात भाऊ असा मोकळा हसलेला विठूने बघितला नव्हता. त्यालाही बरं वाटलं.

पालखी आधी देवळाभोवती फिरली. मग पिंपळाखाली, मग विहिरीवर, मग खालच्या वाडीत. गडग्यागडग्याशी थांबली, घुमली, पुढे गेली. अशाने उन्हं डोक्यावर आली. एरवी एवढ्यात नारळ निघून लोक जेवायला बसलेले असायचे. ढोलवाल्यांचे हात दुखायला लागले. बायका पदराने वारा घेत सावलीला थांबल्या. पालखी सड्यावर चढली.

सडा म्हणजे उघडा कातळ. झाड नाही, सावली नाही, खालून जांभा दगड तापलेला. मागचे दोघे बदलले, पुन्हा बदलले. पुढचे दोघे तेच. सदूच्या तोंडाला कोरड पडली होती आणि श्वास घेताना त्याच्या बरगड्या मोजता आल्या असत्या. पालखी काशीरामच्या दाढेच्या कडेने गेली. राखेवर पाय पडताच महिपत चटका बसून मागे सरला आणि सगळे वळले.

नारळ हाताच्या अंतरावर होता.

सदू त्याच्याकडे बघत होता. तोंडाकडे नाही, कमरेकडे. एक वळसा झाला, पालखी पुन्हा तिथेच आली, आणि सदू पुन्हा त्याच्या कमरेकडे, हातांकडे बघायला लागला. महिपतही बघत होता. विठूला आधी कळेना. मग त्याला वाटलं की कळलं, आणि अंगाचा तिळपापड झाला. भाऊ म्हणून खूण मागतोय. हाताने काहीतरी इशारा कर म्हणतोय. ज्याने रेघ म्हणजे रेघ असं शिकवलं, तोच आज रेघ पुसायला सांगतोय. विठूने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत घट्ट अडकवले, आणि तो समुद्राच्या बाजूला बघत उभा राहिला.

पालखी फिरत राहिली. लोकांत कुजबुज सुरू झाली की देवी कोपली, गावात कुणाचं तरी काहीतरी चुकलंय. काशीराम हात जोडून गाऱ्हाणं घालायला लागला. तिसऱ्यांदा की चौथ्यांदा पालखी दाढेच्या कडेला आली तेव्हा सदू थांबला. त्याच्या ओठांच्या कडेला लाल फेस होता. लोकांना तो गुलाल वाटला.

"विठ्या," तो म्हणाला. आवाज फाटलेला, पण सगळ्यांना ऐकू गेला. "पान खा रं."

लोक हसले. एवढ्या उन्हात, एवढ्या त्रासात गड्याला थट्टा सुचते म्हणून त्यांना कौतुक वाटलं. विठू हसला नाही. आपण पान खात नाही हे सदूला पक्कं ठाऊक होतं. चारचौघांत भाऊ आपली टर उडवतो, याचं त्याला फार लागलं. त्याने मान हलवून नाही म्हटलं.

सदू पुढे दोन पावलं गेला आणि गुडघ्यावर आला. दांडा घसरला. कुणीतरी धावून त्याखाली खांदा घातला म्हणून पालखी जमिनीला लागली नाही. सदू आडवा झाला आणि त्याच्या तोंडातून रक्त आलं, खोकल्यासरशी, भसाभसा.

विठू धावला. त्याने भावाचं डोकं मांडीवर घेतलं. काहीतरी बोलायला हवं होतं, पण जबडा उघडेना. इतका वेळ आवळून धरलेला तो आता उघडायचाच विसरला होता. रक्त पुसायला हाताशी कापड नव्हतं, म्हणून त्याने कमरेची चंची ओढून काढली. दोरी सुटली, चंची उलगडली, आतली सुपारी आणि अडकित्ता सड्यावर पडले. विठू दाढेकडे तोंड करून बसला होता आणि खणाच्या कापडाने सदूचं तोंड पुसत होता. सदूने त्या उलगडलेल्या चंचीकडे पाहिलं. मग विठूकडे पाहिलं. त्याचा हात उठला, चंचीचं टोक पकडलं आणि सुटला.

महिपतने तेवढ्यात पालखी वळवली. विठूने मान वर केली तेव्हा पालखी सरळ दाढेत शिरत होती, निखाऱ्यावरून, पाय भाजत, नेमकी त्या कोपऱ्यात. तिथे ती घुमली. कुणीतरी कुदळ मारली. नारळ निघाला. ढोल-ताशांनी सडा दणाणून गेला, गुलाल उडाला, पावणाईच्या नावाने आरोळी उठली. ती आरोळी खालच्या वाडीत ऐकून चिमा हात जोडत वर यायला निघाली. खूण गावली म्हणून तिला आनंद झाला होता.

ती पोचली तेव्हा सदू संपला होता.

गावाने सदूचं मरण आपल्या परीने लावून घेतलं. देवीने एक माणूस घेतला आणि खूण दिली, असं म्हणाले. आणि विठूची तर वाहवा झाली. सख्खा भाऊ डोळ्यांसमोर मेला, पण पोराने तोंडातून अक्षर काढलं नाही. ज्या म्हाताऱ्यांनी कुरकुर केली होती तेच बाराव्याच्या जेवणाला पानावर बसून त्याची तारीफ करत होते. विठूला एकेक घास माती वाटत होता. चिमा त्याच्याशी बोलायची, जेवायला वाढायची, पण त्याच्याकडे बघायची नाही.

एक गोष्ट मात्र त्याच्या डोक्यातून जाईना. इतका वेळ न सापडलेली जागा महिपतला एकाएकी कशी सापडली. तो महिपतच्या घरी गेला. महिपत ओटीवर भाजलेल्या तळव्यांना खोबरेल लावत बसला होता. विठूने विचारलं तेव्हा त्याने तेलाची वाटी बाजूला सारली. मग त्याने आजूबाजूला बघून घेतलं.

"चंची सुटली की खूण जवळ," तो म्हणाला. "सुपारी कातरताना भागोजीचं तोंड जिकडं, खूण तिकडं. माणसं दमली की तो चंची सोडायचाच. माज्या बापसाच्या येळेपासून हेच. पुढच्या दोन खांद्यांनाच ठावं."

विठूने विचारलं, मग देवी कुठली.

"देवीला हात नायत. ती आपलेच घेते."

विठू म्हणाला, मला का नाही कुणी सांगितलं. हे बोलताना त्याचा आवाज लहान पोरासारखा झाला.

"सांगायचं नसतं ता. भागोजीला तरी कुणी सांगितलंन व्हतं. त्याच्या आदला म्हातारा चिलीम पेटवायचा. माणसांची तोंडं बघून ज्याला ऱ्हवत नाय, तो काय ना काय काढतोच." महिपतने तळवा खाली ठेवला. "तुज्या कमरेला चंची बघितली न आमी निर्धास्त झालाव. सदू मना बोललान पण, भागोजीनं दिलीन त्याला, आता भ्या नाय."

विठू घरी आला नाही. सड्यावर जाऊन बसला. सदू त्याच्याकडे रेघ पुसायला मागत नव्हता. भागोजीने दोरी ओढून ओढून शिकवलेलं भाऊ विसरला की काय, एवढंच तो बघत होता. आणि शेवटी, रक्त तोंडात आलेलं असताना, त्याने आठवण करून दिली होती, ती पण गाव हसेल अशा बेताने, खूण न बाटवता. विठूने मान हलवून नाही म्हटलं होतं. तो तिथे खूप रडला, पण रडून काही हलकं झालं नाही.

पावसाळ्यात भागोजी गेला. चंची विठूकडेच राहिली. चिमाने ती धुतली होती, डाग गेला नव्हता.

पुढच्या शिमग्याच्या आधी बैठक बसली. काशीराम म्हणाला, पन्नाशीची अट आता कशाला ठेवायची, विठूने दाखवून दिलं की तरुण माणसाच्या पोटातसुद्धा गोष्ट राहते. अट काढून टाकू आणि खूण पुरायचं काम विठूकडेच ठेवू. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मुंबईहून आलेले दोघेतिघे म्हणाले की गाव सुधारतंय. सगळ्यांनी विठूकडे पाहिलं.

विठूला खूप काही बोलायचं होतं. पण ते बोललं तर पालखीत उरतं काय. महिपतचे भाजलेले पाय कशासाठी, आणि सदू तरी कशासाठी. चिमा बायकांच्या घोळक्यात खांबाला टेकून उभी होती, तिला गेलं वर्षभर कुणीतरी सांगत होतं की तुझा नवरा देवीने नेला. एवढा एकच आधार तिच्याजवळ होता.

"पन्नाशी होऊ दे," विठू म्हणाला.

पोरं चिडली. कारण विचारायला लागली. जो माणूस ह्याच अटीवर भांडला होता तो आता उलटा कसा फिरला. विठूने कौलांच्या फटीतून दिसणाऱ्या आभाळाकडे पाहिलं.

मग ठरलं असं की महिपतचा लेक आता संपामुळे गावीच आहे, तो बापाच्या जागी खांदा देईल आणि खूण महिपत पुरेल. सदूच्या जागी विठू. त्या संध्याकाळी विठूने चंची नेऊन महिपतला दिली.

त्या साली पालखी उठली तेव्हा विठूचं लक्ष देवीकडे नव्हतं, ढोलाकडे नव्हतं. तो महिपतच्या कमरेकडे बघत होता. देवळामागच्या फणसाजवळ पालखी आली. अजून कुणी दमलंसुद्धा नव्हतं. महिपत बाजूला उभा राहिला, त्याने कमरेची चंची काढली, सोडली आणि फणसाकडे तोंड करून सुपारी कातरायला लागला. विठूने पाऊल तिकडे वळवलं. पालखी घुमली, नारळ निघाला, गुलाल उडाला. यंदा देवी लवकर प्रसन्न झाली म्हणून लोक खूश झाले.

विठूने दांड्याखालून मान वळवली. बायकांच्या गर्दीत चिमा उभी होती. ती नारळाकडे बघत नव्हती. महिपतच्या हातातल्या कापडाकडे बघत होती, ज्याचा डाग तिने स्वतः घासला होता. मग तिने विठूच्या पायांकडे पाहिलं.

संध्याकाळी विठू घरी आला तेव्हा ती चुलीपुढे बसली होती. पोर जनी पुरणपोळी खात होती. चिमाने वर्षभरात पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत बघितलं.

"एवढंच व्हतं काय, भावजी?"

विठू दारातच उभा राहिला. खोटं बोलता आलं असतं. देवीचं नाव घेता आलं असतं.

"एवढंच," तो म्हणाला.

तिने त्याला ताट वाढलं, जनीचं तोंड पुसलं आणि खुंटीवरची लुगडी काढून घडी घालायला बसली. सकाळच्या पहिल्या एस.टी.ने ती पोरीला घेऊन माहेरी गेली. विठूने तिला राहा म्हटलं नाही. बोचकं त्यानेच गाडीत चढवून दिलं.